'अनुभवी' यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

अपघात झाला की अॅम्ब्युलन्स येईपर्यंत जवळपासच्याच शिकवलेल्या लोकांनी प्रथमोपचार करावेत, त्यासाठी वस्तीवस्तीत टीम असाव्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'अनुभवी' या नावाने कमेंट आली: "अर्धवट शिकलेल्या पोरांनी हात लावण्यापेक्षा जखमीला आहे तसा पडू द्यावा. मान हलली तर जन्माचा अधू होईल. किट कोण सांभाळणार, पैसा कुठून येणार, बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? घरात बसून हिरोगिरी सोपी असते."

अहो अनुभवी, मुद्दा मांडायचा तर मांडा ना, कोणी अडवलंय, पण ही भाषा कसली? 'पोरं' काय, 'हिरोगिरी' काय. स्वतःचं नाव लिहायची तयारी नाही आणि दुसऱ्याची लायकी काढायला सगळ्यात पुढे. मानेच्या इजेवर लेखात दोनच ओळी होत्या, जास्त लिहायला हवं होतं, मान्य. झालं समाधान?

आता ते 'आहे तसा पडू द्यावा'. कोण पडू देतं हो? माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला गाडीने उडवलं तेव्हा जमलेल्या लोकांनी हातपाय धरून त्याला उचललं आणि मागच्या सीटवर अक्षरशः दुमडून घातलं, एक जण तर तशात पाणी पाजत होता. वाईट नव्हते ते लोक, घाबरलेले होते आणि त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. भाऊ आजही काठी घेऊन चालतो, त्यामुळे पाठ-मान हलल्यावर काय होतं ते कृपा करून मला सांगू नका. गर्दी हात लावणारच, प्रश्न एवढाच की त्यातल्या एकाला तरी काय करू नये ते माहिती आहे का. आमच्या ट्रेनिंगची सुरुवातच तिथून होते: ओढायचं नाही, बसवायचं नाही, पाणी नाही, आणि श्वास चालू असेल तर हेल्मेट उगाच काढायचं नाही.

आणि पडू दिला तर काय होतं तेही ऐका. बेशुद्ध माणूस उताणा असला की जीभ मागे जाते, घोरल्यासारखा आवाज येतो, बघणारे म्हणतात श्वास चालू आहे, काळजी नको. तो आवाज म्हणजेच श्वासाची वाट अडतेय. श्वास बंद पडला तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटली असेल तर तेवढाही वेळ मिळेल याची खात्री नाही. अॅम्ब्युलन्स कितीही पळवली तरी दर वेळी एवढ्यात कशी पोचणार? मग मान जपायची की श्वास? दोन्ही! एकाने डोकं दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं, दुसऱ्याने मान न वाकवता जबडा पुढे उचलायचा. सरावाच्या पुतळ्यावर करून करून हाताला सवय होते, त्याला डिग्री लागत नाही.

रक्ताचंही तसंच. मी स्वतः रस्त्यावर गुडघे टेकून एकाच्या मांडीवर कोपर ताठ ठेवून दाब दिलाय, ओढणीची घडी भिजली तर ती न काढता वरून दुसरी ठेवली, कारण पहिली काढली की धरत आलेली गुठळी निघते. बाजूला माणसं मोबाईलवर शूटिंग करत होती, आणि मधूनमधून कोणीतरी "बघू बघू, कितपत लागलंय" म्हणून माझा हात बाजूला करायला बघत होतं. ही माझी घरात बसून केलेली हिरोगिरी.

किट, पैसा, जबाबदारी वगैरेवर लिहीन कधीतरी, ते प्रश्न काही तुम्हाला पहिल्यांदा सुचलेले नाहीत. कमेंट मी डिलीट करत नाहीये, राहू दे. पुढच्या ट्रेनिंगला या, हृदय बंद पडल्यावर दाबतात तशी पुतळ्याची छाती दाबून दाखवा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, सलग दोन मिनिटं. दम लागला की थांबा, आमची पोरं पुढे करतील.