थंडीतली ती कोरडी टकटक

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा दहा अंशांच्याही खाली उतरला, की पहाटे गाडी सुरू करताच बॉनेटखालून जी कोरडी टकटक ऐकू येते, तिने माझा जीव दरवर्षी कळवळतो. रात्रभरात ऑइल निथळून तळाच्या चेंबरमध्ये जाते, गारठ्याने घट्ट होते आणि वर टॅपेटपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागांपर्यंत, पोहोचायला त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात धातूवर धातू आपटून इंजिन झिजते. गॅरेजवाल्याचे उत्तर मात्र ठरलेले असते: “थंडी शे भाऊ, आवाज तं येईच!” दुपारी गाडी त्याच्याकडे नेईपर्यंत इंजिन तापून आवाज थांबलेला असतो, मग तो तपासणार तरी काय?

खरा संताप येतो तो ऑइलचा. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० या ग्रेडचे ऑइल स्पष्ट छापलेले असताना, खान्देशातल्या उन्हाळ्याचे कारण पुढे करून मला न विचारता २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतले गेले. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीसाठीच असतो, तो जितका मोठा, तितके ऑइल गारठ्यात उशिरा चढते. त्यात शेजारी सांगतात, की ॲक्सिलरेटर दाबून गाडी गरम करा. अहो, ऑइल वर पोहोचण्याआधीच इंजिन रेस केले, तर ते आणखी झिजेल!