रक्कम उणे सहाशे

दिवसभर साड्या, मिक्सर, चपला कार्टमध्ये टाकायच्या आणि विकत काहीच घ्यायचं नाही, या कामाचा मला पगार मिळतो. लातूरच्या घरी बसून मी एका शॉपिंग ॲपचं ब्लॅक बॉक्स टेस्टिंग करतो. आतला कोड बघायचा नाही. काय घातलं आणि काय बाहेर आलं, एवढंच ताडून पाहायचं.

एका वेळी १ ते १० नग मिळतात असं ठरलेलं असेल, तर मी ०, १, १० आणि ११ घालून बघतो. आमच्याकडं भांडणं बांधावर होतात, सॉफ्टवेअरच्या चुकाही तिथंच. मधल्या सगळ्यांच्या वतीनं ५ एकटाच हजेरी लावतो. परवा मी उणे १ टाकला. ॲपनं तोही घेतला. एकूण रक्कम उणे ६०० रुपये! म्हणजे चादर नेऊ नका, वर सहाशे घेऊन जा. पुण्यातला डेव्हलपर म्हणाला, "असं कोण करतं?"

शहरांच्या यादीत तर २०२३च्या आधीचंच उस्मानाबाद. पिनकोड ४१३५०१ टाकला की ॲप आपणहून धाराशिव लिहायचं, आणि मग 'शहर यादीत नाही' म्हणून आपणच अडून बसायचं. पैसे भरताना मधेच नेट गेलं तर काय होतं, हे बघायला इतर ठिकाणी वायर उपसावी लागते. इथं लाइट ते काम फुकटात करते.

तरी खरं टेस्टिंग आत्यानं केलं. गावाहून आली होती.

"काय करायलास रे? दे की हिकडं."

माइक दाबून ती पत्ता सांगू लागली. "पिठाच्या गिरणीच्या वरल्या अंगाला, कुनालाबी इचारा." घर क्रमांक? "हाय की." ॲपनं 'हाय की' हा घर क्रमांक निमूट मंजूर केला.

मग कूपनच्या चौकटीत बोलली, "शेवटचं किती?"

'कूपन वैध नाही.'

"आधी नाहीच म्हनत्यात," असं म्हणत ती बटण दाबत राहिली. थोड्या वेळानं कूपन नसताना शंभर रुपये कमी झाले.

मी रीतसर बग नोंदवला. पायऱ्या: 'शेवटचं किती' लिहा, ऐकेपर्यंत दाबत राहा. संध्याकाळी डेव्हलपरचं उत्तर आलं: रिप्रोड्यूस होत नाही. म्हणजे त्यानं करून पाहिलं, तर तसं घडत नाही.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला मागता येत नसंल."