हात लावू नको

दर नोव्हेंबरात माझ्या वडिलांना आपण जिवंत असल्याचे सरकारला कळवावे लागते. ते तार खात्यातून निवृत्त झाले असून आता ८३ वर्षांचे आहेत. ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना हा हयातीचा दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो, परंतु ही सवलत घेणे म्हणजे आपले वय झाल्याची कबुली देणे, असे त्यांचे मत असल्यामुळे ते नोव्हेंबरच धरून बसतात. शिवाय बँकेत जाण्याचा तो दिवस त्यांच्या लेखी पोळ्याइतकाच मोठा सण असतो. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेने आणि प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक अशा थाटात ते बाकावर जाऊन बसतात, जुन्या सहकाऱ्यांची मनातल्या मनात हजेरी घेतात आणि परतताना रिक्षात हळूच म्हणतात, "तो बुकिंग काउंटरवाला दिसून नाही राहिला यंदा." त्यानंतर कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहे खाल्ल्याखेरीज दाखला पूर्ण झाला असे ते मानत नाहीत.

यंदा मात्र गुडघ्यांनी असहकार पुकारला. त्यातच गेल्या वर्षी बँकेतल्या यंत्राने त्यांच्या अंगठ्याचा ठसा चार वेळा नाकारला होता. "चाळीस वर्षं तारेची की मारली, रेघा कुठून राहतील?" असे त्यांनी तेथील तरुण कारकुनाला अभिमानाने सुनावले होते. मधल्या काळात तारा टंकणारे टेलिप्रिंटर आले होते आणि बोटे झिजवण्याइतका मोर्स, म्हणजे बिंदू-रेघांच्या टिकटिकीत तार पाठवण्याची भाषा, पुढे उरला नव्हता, हे त्या कारकुनाला ठाऊक नव्हते आणि मीही सांगितले नाही. हयातीचा दाखला अंगठ्यावर देण्याची सोय २०१४ साली आली आणि २०२१ साली मोबाईलच्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवून घरबसल्या तो देण्याचीही सोय झाली, हे मला माहीत होते. म्हणून त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरीच हे कार्य उरकावे, असे मी एका रविवारी सकाळी जाहीर केले.

"तुम्ही हात नका लावू, मी करते," असे नववीतली माझी कन्या सई ताबडतोब म्हणाली.

हे वाक्य मी आयुष्यात कोणकोणत्या तोंडांतून ऐकले आहे, याचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. माझे लहानपण महालातल्या भाड्याच्या घरात गेले. तिथल्या रेडिओला हात लावायचा नाही, कारण त्याचा परवाना वडिलांच्या नावाचा होता आणि पोस्टात दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. म्हणजे गुन्हा मी करायचा आणि तुरुंगात ते जायचे, अशी माझी समजूत करून देण्यात आली होती. पुढे १९८४ साली काळा-पांढरा टीव्ही आला, तेव्हा त्याला सरकते लाकडी दार होते आणि ते उघडण्याचा मान फक्त काकांना होता. मला जो एकमेव अधिकार मिळाला तो गच्चीवरच्या अँटेनाचा. मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी तो लोखंडी दांडा धरून उभे राहणे म्हणजे काय असते, हे इतर गावच्या वाचकांना समजावणे कठीण आहे. दांड्याला ओले फडके गुंडाळूनच मी तो धरीत असे. विशेष असे, की मी दांडा सोडला रे सोडला की खाली चित्राला मुंग्या येत आणि पुन्हा धरला की चित्र आरशासारखे स्वच्छ होई. त्यामुळे इतर वेळी "हात लावू नको" म्हणणारे अख्खे घर खालून एका सुरात ओरडे, "हात काढू नको!" १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत चित्र आले म्हणतात. माझ्या वाट्याला त्यानंतरची कितीतरी वर्षे फक्त आवाज आला, तोही जिन्यावरून.

नंतर फोन आला. त्याच्या तबकडीच्या भोकात काकांनी इवलेसे पितळी कुलूप अडकवून टाकले. खरे सांगायचे तर माझ्या आयुष्यातले एकमेव तांत्रिक यश याच कुलपामुळे घडले. रिसीव्हर उचलून खालचा खटका टिचकीसारखा दाबला, तर जितक्या टिचक्या तितका आकडा लागतो, आणि शून्यासाठी दहा टिचक्या माराव्या लागतात, हे मला एका मित्राने शिकवले होते. एका दुपारी मी असा नंबर लावत असताना वडील मागे येऊन उभे राहिले. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी खांदे आवळले. त्यांनी नुसते ऐकले आणि म्हणाले, "सातात आणि तिनात जागा कमी सोडतो आहेस. हात कच्चा आहे." मग त्यांनी रिसीव्हर काढून घेतला, हे सांगायला नकोच.

माझी पाळी येईल, असे मला वाटत होते. सई लहान असताना मीही मोबाईल कपाटावर ठेवून "हात लावू नको" हे वाक्य दोनतीन वर्षे यथास्थित वापरले. तेवढ्यात २०२० साल उजाडले, शाळा मोबाईलमध्ये शिरली आणि तो कपाटावरून मीच स्टुलावर चढून काढून, पुसून, तिच्या हाती दिला. तो अद्याप परत आलेला नाही.

तर त्या रविवारी हयातीच्या दाखल्याच्या ॲपने माझी बाजू घेतली. त्याची रीत अशी, की आधी 'ऑपरेटर'ने आपला आधार क्रमांक, मोबाईल आणि ईमेल द्यायचा, आलेला ओटीपी भरायचा, स्वतःचा चेहरा दाखवायचा आणि तो खरा ठरला की मगच पेन्शनरकडे वळायचे. नववीतली मुलगी कशी चालेल, असे म्हणत मी ऑपरेटर झालो. चाळीस वर्षे स्वतः त्या शब्दाला जगलेल्या वडिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि सईला विचारले, "ऑपरेटर कोण? हा?"

ॲपलाही नेमकी हीच शंका होती. त्याने माझा चेहरा तीनदा नाकारला. "बाबा, मागून उजेड येऊन राहिला, इकडे बसा. चष्मा काढा. आणि हसू नका," असे सई सांगत होती. चष्मा काढल्यावर मला पडद्यावरच्या सूचना दिसेनात आणि चष्मा घातल्यावर पडद्याला मी दिसेना. चौथ्या प्रयत्नाला, देवघराच्या भिंतीला पाठ लावून, अपराध्यासारखा चेहरा केल्यावर मी खरा ठरलो.

वडिलांचा ओटीपी त्यांच्या बटणांच्या फोनवर आला आणि तो फोन नेहमीप्रमाणे गादीखाली होता. तो शोधून त्यांनी आकडे वाचले, ते तारेच्या शिस्तीने: एकेक आकडा सुटा, शेवटी सगळे पुन्हा पहिल्यापासून, आणि मग "बरोबर?" अशी खातरजमा. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्या वेळी सईने त्यांना पुनरुक्ती माफ केली.

आता चेहरा. पडद्यावरच्या गोलात वडिलांचे डोके बसवून सई म्हणाली, "आबा, आता पापण्या मिटा आणि उघडा." वडिलांनी डोळे मिटले ते मिटलेच. "आबा, इतका वेळ नाही! लवकर." मग त्यांनी इतक्या भराभर उघडझाप केली, की ॲप गोंधळले आणि पहिल्या पायरीवर जाऊन बसले. सईने कपाळावर हात मारला. वडील तिला शांतपणे म्हणाले, "बाई, किती लांब मिटायचे ते नीट सांग. छोटे की मोठे?" ती काहीच्या काही घाईत "एक छोटे, एक मोठे, एक छोटे, कसेही!" असे म्हणाली.

वडील सावरून बसले. एक छोटी पापणी, एक लांब, पुन्हा एक छोटी. पडदा हिरवा झाला आणि दाखल्याचा क्रमांक उमटला. "आर," ते समाधानाने म्हणाले. बिंदू, रेघ, बिंदू म्हणजे आर, आणि तारेच्या भाषेत आर म्हणजे मिळाले. ॲपने त्यांची नुसती हालचाल टिपली असणार, हे सईने त्यांना समजावू पाहिले. त्यांनी ऐकून घेतले, पण पटवून घेतले नाही.

"मग बँकेत नाही जायचे?" त्यांनी विचारले.

"नाही, घरीच झाले," सई म्हणाली.

ते बराच वेळ पासबुकाची पिशवी चाळत बसले. शेवटी मी रिक्षा बोलावली, म्हणजे सईने बोलावली, आणि आम्ही तिघे कस्तुरचंद पार्काकडे गेलो. बाकावर बसून वडिलांनी इकडे तिकडे पाहिले. ओळखीचे कोणी नव्हते. मग त्यांनी तर्री जास्त मागितली. पैसे देण्याची वेळ झाली तशी मी बोटे चाटून टेबलावरच्या मोबाईलकडे हात नेला आणि आजोबा व नात, दोघेही एकदम ओरडले.

यावेळी मात्र त्यांचे बरोबर होते, कारण माझी पाचही बोटे तर्रीने लाल झालेली होती.