‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ हा सल्ला मुलाचा दात घालवू शकतो

मुलांच्या दातांची मुळे झिजणे नैसर्गिक असते, दुखत नसेल तर उपचार करू नयेत, कॅल्शियम दिले की मूळ पुन्हा भरून येते आणि एक्स-रे तर टाळावाच, असे सांगणारा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझा अकरा वर्षांचा भाचा पडल्यामुळे त्याचा पुढचा कायमचा दात निखळला होता आणि दंतवैद्यांनी तो पुन्हा बसवला होता. हा संदेश वाचून बहिणीने त्याच्या रूट कॅनालची ठरलेली वेळ रद्द केली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. दुधाच्या दाताचे मूळ खालून कायमचा दात येताना झिजते, आणि ते तसे झिजायलाच हवे. मार लागलेल्या कायमच्या दाताचे मूळ झिजणे हा मात्र आजार आहे.

सर्वांत घातक मुद्दा दुखण्याचा आहे. निखळलेल्या दाताची नस मेली की तिच्यात जंतू वाढतात, त्यांची विषारी द्रव्ये दातातील सूक्ष्म नलिकांतून मुळाच्या खरचटलेल्या पृष्ठभागापर्यंत झिरपतात आणि तेथे जमलेल्या पेशी मूळ पोखरू लागतात. हे सारे बहुधा मुळीच न दुखता घडते. एक्स-रेमध्ये मुळाच्या कडेला वाटीसारखे खळगे आणि शेजारच्या हाडात काळसर छाया दिसते, तेव्हाच ते कळते. म्हणूनच इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी या दातांच्या दुखापतींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, मुळाची वाढ पूर्ण झालेला दात निखळून पुन्हा बसवला असेल, तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावे आणि पुढे किमान पाच वर्षे तपासणी चालू ठेवावी. दुखण्याची वाट पाहा, असे त्यांत कोठेही नाही.

खाण्यातल्या कॅल्शियमने झिजलेले मूळ भरत नाही. दंतवैद्य दाताच्या आत काही काळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात ते जंतू मारण्यासाठी. त्याचा गोळ्यांशी काहीही संबंध नाही.

विनाकारण एक्स-रे काढू नये, हे खरेच. पण येथे कारण आहे, आणि दाताच्या छोट्या एक्स-रेतील किरणोत्सर्ग अत्यल्प असतो. काही दातांत मूळ झिजून त्याची जागा हाडच घेते. ही झीज रूट कॅनालनेही थांबत नाही, हेही पालकांना सांगायलाच हवे. असा दात ठोकल्यावर धातूसारखा आवाज देतो आणि मूल वाढते तसा शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो. तेव्हा जबड्याचे हाड टिकवण्यासाठी पुढे काय करायचे, ते वेळीच ठरवावे लागते, आणि त्यासाठीच नियमित तपासणी हवी.