“किडनीसाठी मुलं पळवतात”: हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

“साधूच्या वेशातली टोळी आलीय. मुलांना गुंगी देऊन व्हॅनमध्येच किडनी काढतात, बर्फाच्या डब्यातून पाठवतात. पोलीस लपवताहेत.” सोबत मृतदेहांचे फोटो. दर दोन-तीन वर्षांनी उगवणारा हा मेसेज या आठवड्यात भाचीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर आला आणि खाली ‘काळजी घ्या’ची रांग लागली. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी व्हॅनमधली किडनी, कारण सगळी भीती तिच्यावर उभी आहे. काढलेली किडनी कुणाला बसणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं. रक्तगट, मग एचएलए (पेशींवरची ओळखखूण), मग क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं सीरम आणि दात्याच्या लिम्फोसाइट पेशी एकत्र करून पाहणं. त्याला प्रयोगशाळा लागते आणि काही तास जातात. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, म्हणजे रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं दात्याच्या पेशींवर तुटून पडतात असं दिसत असताना किडनी बसवली, तर ती काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होते. मग रस्त्यावरून उचललेल्या मुलाची किडनी जुळणार कुणाशी? बाहेर काढल्याबरोबर ती थंड द्रावणाने धुऊन चार अंशांच्या आसपास ठेवावी लागते. तशी ती साधारण २४ तास, फार ताणलं तर ३६ तास टिकते. थेट बर्फाला लागली तर गोठून पेशी खराब होतात. त्यात प्रौढाची किडनी दहा-बारा सेंटीमीटर, पाच वर्षांच्या मुलाची सात-आठ. तिच्या रक्तवाहिन्या इतक्या बारीक की गुठळी होऊन ती वाया जाण्याची भीती असते. म्हणूनच अगदी लहान मृत दात्याच्या दोन्ही किडन्या बहुधा एकत्रच बसवतात. हे व्हॅनमध्ये होत नाही. कुठल्याही व्हॅनमध्ये नाही.

किडनीची रॅकेटं आहेत, हे मान्य. २००८चं गुडगाव प्रकरण खरंच घडलं, पण तिथे फसले ते आमिष दाखवून आणलेले प्रौढ मजूर. अशी रॅकेटं बहुधा दाता रुग्णाचा नातेवाईक असल्याची खोटी कागदपत्रं करतात. म्हणजे त्यांना सही करणारा प्रौढ माणूसच हवा असतो. आपल्या कायद्यानुसार अल्पवयीन जिवंत दाता फक्त अपवादात्मक वैद्यकीय कारणासाठी आणि राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीनेच चालतो.

कुणी निठारीचं, म्हणजे नोएडातल्या मुलांच्या हत्याकांडाचं, नाव काढतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३मध्ये, अवयव-व्यापाराची शक्यता नीट तपासली नाही म्हणून तपास यंत्रणेवर ताशेरे ओढले, हेही खरं. पण जे तपासलंच नाही ते सिद्ध कसं झालं?

फोटोंचं थोडक्यात. २०१८मध्ये याच अफवेसोबत फिरलेल्या व्हिडिओत ओळीने ठेवलेली मुलं सीरियातल्या २०१३च्या विषारी वायुहल्ल्यात मेलेली होती. मोटारसायकलवरून मूल उचलण्याची क्लिप कराचीच्या बालसुरक्षा जाहिरातीची. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कापलेला. अशाच अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. सप्टेंबर २०२२मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात चार साधूंना मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

“इतकी अपहरणं, तरी पोलीस गप्प” हा आकड्यांचा घोळ आहे. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं की अपहरणाचाच गुन्हा नोंदवला जातो. घरातून रागाने निघून गेलेली, प्रेमात पळून गेलेली किशोरवयीन मुलंमुली त्याच आकड्यात येतात.

आणि साधूंवर नजर ठेवताना जे निसटतं ते हे: राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) खालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, मित्र. मेसेजमध्ये यातलं कुणीच नाही.

मूल खरंच दिसेनासं झालं तर ग्रुपवर लिहिण्याआधी ११२ (पोलीस) किंवा १०९८ (चाइल्डलाइन) लावा. २४ तास थांबा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानुसार गुन्हा लगेच नोंदवावा लागतो. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुणाचीही असो, त्याच ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा. ताजा फोटो, अंगावरचे कपडे, अंगावरची खूण, शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसलं, कुणासोबत होतं, हे कागदावर लिहून द्या आणि एफआयआरची प्रत घेऊनच ठाण्यातून निघा. ती फुकट मिळते.