नानावटींचे ते तीन तास

नानावटी खटल्याचा विषय निघाला की भारतातल्या माझ्या आप्तांमध्ये कुणीतरी "दुसरे काय करणार होता बिचारा?" असे म्हणतेच, आणि इंग्लंडमध्ये राहू लागल्यापासून मला हे सहानुभूतीचे बोल अधिकच खटकू लागले आहेत. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी तिला व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोट्या सबबीवर रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे घेतली, त्या परपुरुषाचा, म्हणजे प्रेम आहुजांचा, आधी कार्यालयात शोध घेतला आणि मग घरी जाऊन त्यांना गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये ती कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने, मध्ये गेलेले सुमारे तीन तास स्वतःला सावरायला पुरेसे होते, असे स्पष्ट केले. बिचारा म्हणणारे नेमके हेच तीन तास वगळतात.

मला त्या माणसाचे दुःख खोटे वाटत नाही. पण विश्वासघात झालेल्याला घर सोडता येते, घटस्फोट मागता येतो. जोडीदाराच्या किंवा तिसऱ्या माणसाच्या जिवावर त्याचा हक्क निर्माण होत नाही. इथल्या २००९ च्या कायद्याने, जोडीदाराची लैंगिक प्रतारणा हे एवढेच कारण खुनाचा आरोप सौम्य करायला पुरणार नाही, असे ठरवले. पुढे २०१२ मध्ये न्यायालयाने अन्य कारणांच्या जोडीने तिचा संदर्भ पाहता येईल अशी वाट ठेवली, आणि तेवढी सवलत मला योग्य वाटते.

याच देशात १९८९ मध्ये किरणजित अहलुवालिया यांनी वर्षानुवर्षे मारहाण करणाऱ्या नवऱ्याला तो झोपलेला असताना पेटवले. त्यांची खुनाची शिक्षा १९९२ मध्ये रद्द झाली, पण ती त्यांच्या मानसिक अवस्थेचा नवा पुरावा पुढे आल्यामुळे. त्यांचे कृत्य योग्य होते असे न्यायालय म्हणाले नाही. शरीरावर रोज होणारा छळ आणि दुखावलेला अभिमान यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

भारतात व्यभिचाराचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले, तरी खुनाचा आरोप सौम्य करणारा "गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ" हा जुना अपवाद नव्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. केवळ प्रतारणेला त्याचा आधार मिळू नये, असे तिथे स्पष्ट शब्दांत लिहिले जावे, ही माझी मागणी आहे.