पेन्शनला 'बसून पगार' म्हणणाऱ्यांनो, जरा हे वाचा

आज आईला घेऊन बँकेत गेले होते. नोव्हेंबर महिना, पेन्शनर हयात असल्याची जी यादी असते, तिच्यावर तिची सही करायची होती. आई ८२ वर्षांची. अंगठा लावा म्हटलं की तिला राग येतो, सही ती स्वतःच्या हाताने करते, वेळ लागला तरी चालेल. यादीत नाव सापडेपर्यंत बाकावर बसलो होतो, तर शेजारच्या आजोबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाले, "ताई, हे खरं आहे का बघा जरा. कालपासून झोप नाही." नवा कायदा झालाय, आधी रिटायर झालेल्यांची महागाई वाढ बंद, आठवा वेतन आयोग त्यांना नाही, वगैरे. फिरत फिरत आलेला मेसेज. मी वाचत होते तेवढ्यात काउंटरपाशी उभा असलेला एक तिशीतला मुलगा म्हणाला, "बंदच करायला पाहिजे. बसून पगार खातात सगळे, आमच्या टॅक्सवर."

आजोबा गप्प झाले. आई खाली बघत राहिली. त्या मुलाला मी तिथे काय ऐकवायचं ते ऐकवलं, पण बँकेत माणूस किती बोलणार? बाकीचं इथे लिहिते.

माझे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. ते गेले त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसली आणि थोरल्या काकांनी विषय काढला, की वहिनींना कुणी ठेवायचं. दोघे भाऊ माझे, एक पुण्याला, एक पिंपरीला. काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि पेन्सिलीने खुणा केल्या. तीन महिने थोरल्याकडे, तीन महिने धाकट्याकडे. दिवाळी कुणाकडे यावरून थोडी चर्चाही झाली. वाईट हेतूने नव्हतं हो कुणाचंच, आपल्याकडे हे असंच ठरतं. मी मुलगी, मला कुणी विचारलं नाही. आईला तर विचारायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आई आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेली. तिथूनच म्हणाली, "मी कुठंही जाणार नाही. ह्यांच्या मागं मला पेन्शन आहे."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. विषय संपला.

त्या मुलाला मला हे सांगायचंय. ज्याला तू बसून पगार म्हणतोस, त्याच्यामुळे माझी आई महिन्यांच्या हिशेबाने वाटली गेली नाही. ती आजही कराडजवळच्या आमच्या घरात राहते, स्वतःच्या चुलीवर हवं ते शिजवते, नातवंडांच्या हातावर पैसे ठेवते. फॅमिली पेन्शन म्हणजे काही गडगंज नसतं. शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई वाढ. वडिलांच्या काळचे पगार ते काय होते! पण पहिल्या तारखेला ते येतात आणि त्यासाठी तिला कुणापुढे उभं राहावं लागत नाही.

आता कायद्याचं. आजोबांना मी सांगितलं की महागाई वाढ बंद झालेली नाही, तो मेसेज खोटा आहे. सरकारनेही तो खोटा असल्याचं जाहीर केलंय. पण घरी आल्यावर मलाच चैन पडेना, कारण भीती सगळीच काही हवेतून आलेली नाही. मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकाच्या पोटात घालून केंद्राने एक तरतूद करून घेतली. पेन्शनरांची वर्गवारी करण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि कोण कधी निवृत्त झाला यावरून ती करता येईल. तीही मागच्या तारखेपासून, थेट १९७२ पासून. अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की यामुळे कुणाच्या पेन्शनमध्ये बदल होत नाही, आधीच्या धोरणावर फक्त शिक्कामोर्तब केलंय. ठीक आहे, विश्वास ठेवते. पण मग जे करायचंच नाही त्याचा अधिकार कशाला हवा होता?

आपल्यातल्या जुन्या लोकांना नकारा खटला आठवत असेल. १९७९ मध्ये सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वगळलं. डी. एस. नकारा नावाचे निवृत्त अधिकारी सुप्रीम कोर्टात गेले. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. १७ डिसेंबर १९८२ ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की एका तारखेची रेघ ओढून पेन्शनरांचे दोन तुकडे करता येणार नाहीत, आणि पेन्शन हे सरकारच्या मर्जीवरचं दान नसून केलेल्या नोकरीचा मोबदला आहे. म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन साजरा होतो. चाळीस वर्षं ज्या निकालाच्या आधारावर म्हातारी माणसं निर्धास्त झोपली, त्याच्या बरोबर उलटी ओळ संसदेत पास झाली आणि टीव्हीवर त्यावर एक धड चर्चा झाली नाही!

आणि आता आठवा वेतन आयोग. अध्यक्ष न्या. रंजना प्रकाश देसाई आहेत, आपल्या मुंबई हायकोर्टात न्यायाधीश होत्या, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण आयोगाला जी कार्यकक्षा ठरवून दिलीय तिच्यात एक वाक्य आहे. कर्मचाऱ्यांनी ज्यात वर्गणी भरली नाही अशा पेन्शनचा, तरतूद नसलेला खर्च लक्षात घ्या म्हणे. वर्गणी भरली नाही? माझ्या वडिलांनी आयुष्यभर जो कमी पगार घेतला ती वर्गणी नव्हती? पूर आला की रात्री-बेरात्री पंचनाम्याला जायचे, निवडणुकीत आठ-आठ दिवस घरी नसायचे. बाहेर व्यापारात त्यांच्याबरोबरचे दुप्पट कमावत होते. आई म्हणायची, सोडा ही नोकरी. ते म्हणायचे, म्हातारपणी पेन्शन आहे. हाच सौदा होता, आणि त्यांची बाजू त्यांनी पूर्ण केली होती. समोरच्याने काम करून घेतलं, आणि आता तो माणूस हयात नसताना अटी बदलायच्या म्हणतात?

आई राज्याची पेन्शनर आहे, तो कायदा केंद्राचा, हे मला कळतं. पण दिल्लीत जे होतं तेच मागाहून मुंबईत येतं. सातवा आयोग २०१६ पासून लागू झाला आणि आपल्या राज्यात प्रत्यक्ष हातात यायला २०१९ उजाडलं. चांगलं उशिरा येतं, वाईट मात्र लवकर येतं असा अनुभव आहे. कोरोनात केंद्राने जानेवारी २०२० पासून दीड वर्ष महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, देशावर संकट होतं. पुढे दर वाढवून मिळाला, पण त्या दीड वर्षाची थकबाकी आजतागायत मिळालेली नाही. तेव्हा "पेन्शनला हात लावणार नाही" या तोंडी शब्दावर किती टेकायचं ते तुम्हीच सांगा.

हो, शेतकऱ्याला पेन्शन नाही, हे मान्य. गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत महिना दीड हजारात म्हातारपण काढणारी माणसं माझ्या गावातही आहेत. राज्याच्या तिजोरीवर पेन्शनचा मोठा भार आहे हेही खरं असेल. पण त्यावर उपाय माझ्या आईचं काढून घेणं हा कसा काय होतो? त्यांना मिळालं पाहिजे म्हणून भांडा, मी पहिली तुमच्याबरोबर येते. एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महिना ५० हजार पेन्शन आहे आपल्या राज्यात, त्याच्या तिजोरीवरच्या भाराबद्दल एक मेसेज फिरताना मी बघितला नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या मुलाचंही मला वाईट वाटतंय. कंत्राटी नोकरी असेल, पीएफ कापत असतील की नाही देव जाणे. २०२३ च्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा अर्ध्या पगारात काम करतो म्हणणारी पोरं पुढे आली होती. त्यांचा राग मी समजू शकते. ज्याला स्वतःला काहीच मिळणार नाही त्याला दुसऱ्याचं खुपतं. पण बाळा, माझ्या आईची पेन्शन बंद झाली तर ती तुझ्या खिशात येणार नाही रे. तुझी आई आणि माझी आई, दोघींसाठी कॅलेंडरवर खुणा होतील, एवढंच.

माझी पुतणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली, म्हणजे तिला जुनी पेन्शन नाही. पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार चौदा टक्के घालतं, आणि शेवटी हातात काय येणार हे बाजारावर. आता युनिफाइड पेन्शनचा पर्याय आला, नोकरीची २५ वर्षं भरली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी. संप झाले, मोर्चे निघाले म्हणून निदान इथवर आलं. ती मला विचारते, आत्या, कुठलं घेऊ? मी काय सांगणार? आज कागदावर जे लिहिलंय ते वीस वर्षांनी तसंच राहील याची खात्री तिला कोण देणार आहे? पोरीला तर उंबऱ्याशी बसून ठामपणे सांगायला आईसारखं एक वाक्यही नाही.

संध्याकाळी आईने विचारलं, "तो पोरगा म्हणत होता ते खरं का गं?" मी म्हटलं, नाही आई, तुझी पेन्शन कुठे जात नाही. ती म्हणाली, "बघ हो, नाहीतर काका परत कॅलेंडर काढतील." काका गेले कधीच, तिच्या लक्षात राहत नाही आताशा.

आयोगाला अहवालासाठी १८ महिने दिलेत. ऐंशीच्या पुढच्या माणसांना १८ महिने असं टांगणीला लावायचं? ज्यांच्या ओळखीत खासदार आहेत त्यांनी त्यांना फोन करा, पेन्शनर संघटनेत असाल तर १७ डिसेंबरच्या कार्यक्रमात सत्कार आणि भाषणं कमी करा आणि हा ठराव घ्या. मागणी एकच: निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांची वर्गवारी करण्याचा तो अधिकार कायद्यातून काढा. तोंडी नको, कागदावर हवं. आणि आयोगाचा अहवाल येण्याच्या आधी हवं.